राजा नाही तिथलं नाणं

पोरांनो, आपल्या पैठणच्या सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती. शिसं काही सोन्याच्या मोलाचं नव्हे. पण छाप राजाचा, म्हणून बाजारात चाले. आता सांगा, जिथे राजाच नाही तिथे काय चालत असेल?

अशी जागा आहे, अंटार्क्टिका. भारताच्या चौपटीहून मोठा खंड आणि त्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ. 1959 साली 12 देशांनी करार केला आणि जमिनीवरचे हक्क-दावे तिथल्या तिथे गोठवून टाकले. 1983 मध्ये भारतही त्या करारात आला.

पण माणसं पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे एक धन आहे. ते धन म्हणजे खडे! अॅडेली नावाचा पेंग्विन, वजन जेमतेम चार-पाच किलो. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाणी वाहतं, आणि अंडं भिजलं की पिल्लू गेलंच. म्हणून नर-मादी खडे रचून उंचवटा करतात आणि त्यावर दोन अंडी ठेवतात. बर्फाच्या मुलखात मोकळे खडे मिळणार किती? मग चोऱ्या होतात. एक पेंग्विन चोचीत खडा धरून घरी येतो, तोवर शेजाऱ्याने त्याच्याच घरट्यातला एक लांबवलेला असतो. शेजारीही लबाड, मान वळवून साळसूद उभा! तिथे ना फौजदार, ना कोर्ट. खड्यावर कुणाचा छाप नाही, पण त्याने अंडं कोरडं राहतं, एवढी किंमत पुरते.

माणसांचं निराळं. आपली तिथे दोन ठाणी चालतात, ‘मैत्री’ आणि ‘भारती’. भारती तर 134 कंटेनर जोडून उभी केलीय. तिथे ना किराणा दुकान, ना भाजीबाजार. अन्न, कपडे, इंधन सगळं सरकारी मोहिमेतून येतं. वादळात जनरेटर थांबला तर नोटांची थप्पी काय कामाची? तिथे डिझेलच लक्ष्मी. अमेरिकेच्या मॅकमर्डो ठाण्यावर मात्र दोन एटीएम आहेत. एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. पण त्यातून निघतात डॉलरच. माणूस आपलं सरकार खिशात घालूनच तिथे जातो, असं माझं मत. आपणही 2022 साली तिथल्या भारतीय मोहिमांसाठी कायदा केलाच की!

आता गंमत ऐका. एप्रिल 2024 मध्ये ‘भारती’वर टपाल कार्यालय उघडलं, तेही महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या अखत्यारीत. पिनकोड एमएच-1718. हौशी लोक आपली पत्रं गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे पाठवतात. तिथून ती मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जातात, शिक्का मारून घेतात आणि परत येतात. पत्राला वेळ लागतो, पण वर लावायचं तिकीट आपल्या इथल्या पोस्टात रुपयांतच मिळतं.