एकोणीस फुटांचा फोटो आणि तुमची मोबाइल गॅलरी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात संध्याकाळी गेलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. ऊन कलतं, दगड सोनेरी दिसू लागतो आणि सगळीकडे मोबाइल वर होतात. पाच मिनिटांत तुम्हीही वीसएक फोटो काढता. पण खरं सांगा, मागच्या सहलीचे फोटो तुम्ही पुन्हा कधी पाहिले?

याच मंदिरात १८५८ साली लिनियस ट्राइप नावाचा कॅप्टन कॅमेरा घेऊन आला होता. मद्रास सरकारने नेमलेला हा छायाचित्रकार. तेव्हा फिल्म नव्हती. मेण लावलेल्या कागदावर तो निगेटिव्ह तयार करायचा आणि एकेक निगेटिव्ह साधारण बारा बाय पंधरा इंचांची असे. मंदिराच्या विमानाच्या, म्हणजे उंच शिखराच्या पायथ्याभोवती तमिळ शिलालेख कोरलेले आहेत. ते एका चित्रात मावणारे नव्हते. मग ट्राइपने तुकड्यातुकड्याने फोटो काढले आणि २१ प्रिंट शेजारी शेजारी जोडून तब्बल १९ फूट लांबीचं एकच चित्र केलं. तुमच्या मोबाइलमधला ‘पॅनोरमा’ हेच काम काही सेकंदांत करतो!

पुढे सरकारला हा खर्च चैनीचा वाटला आणि ट्राइपचं काम बंद झालं. पण कागदावर उतरलेली चित्रं टिकली. २०१४-१५मध्ये वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि लंडनच्या मोठ्या संग्रहालयांत त्याच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं.

फोटोंची जत्रा

फोटो ही विकत घेऊन भिंतीवर लावायची कला आहे, हे आता जगाने मान्य केलं आहे. पॅरिसमध्ये १९९७पासून दरवर्षी ‘पॅरिस फोटो’ ही जत्रा भरते. नोव्हेंबरमध्ये जगभरच्या गॅलऱ्या तिथे आपले स्टॉल लावतात.

तुम्ही म्हणाल, फोटोच्या तर हव्या तेवढ्या प्रती निघतात, मग पैसे कोण मोजेल? त्यासाठी छायाचित्रकार प्रतींची संख्या आधीच ठरवतो. समजा, फक्त पाच किंवा दहा. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि सही असते, त्यानंतर नवी प्रत काढायची नाही. जुन्या प्रिंटचा भाव तर विचारूच नका. मॅन रे या कलावंताने १९२४ साली केलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्राची मूळ प्रिंट २०२२च्या लिलावात सुमारे सव्वा कोट डॉलरला गेली.

वारं कुठे वाहतंय?

पहिला बदल म्हणजे संगणक. पॅरिस फोटोने २०२३मध्ये डिजिटल कलेसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्याच वर्षी बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं. चित्र कॅमेऱ्याने काढलेलं नसून कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं आहे, असं त्याने स्वतःच सांगितलं. फोटोत फेरफार करणं तसं नवीन नाही. ट्राइपसुद्धा निगेटिव्हवर रंग लावून आकाशात ढग आणायचा! फरक एवढाच, की त्याच्या फोटोतला शिलालेख तुम्ही आजही हाताच्या अंतरावरून पाहू शकता. यंत्राने रचलेल्या चित्रामागे अशी भिंतच नसते.

दुसरा बदल नेमका उलट्या दिशेचा आहे. हाताने केलेल्या प्रिंटची ओढ वाढते आहे. १८४२मध्ये शोधलेली सायनोटाइपची पद्धत आज तरुण कलाकार पुन्हा वापरतात. रसायन लावलेला कागद उन्हात ठेवायचा, पाण्याने धुवायचा की निळंशार चित्र उमटतं.

तिसरा बदल म्हणजे फोटोंची पुस्तकं. आपल्या दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’ म्हणजे एका पेटीत ठेवलेली नऊ छोटी घडीची पुस्तकं. ती उलगडून मांडली की घरातच प्रदर्शन तयार! या कामाला २०१७मध्ये पॅरिस फोटो आणि अ‍ॅपर्चर फाउंडेशनचा वर्षातील सर्वोत्तम फोटोपुस्तकाचा पुरस्कार मिळाला.

हे सगळं पाहायला पॅरिसच गाठायला हवं असं नाही. तंजावरहून साधारण साडेतीनशे किलोमीटरवर, चेन्नईत २०१६पासून फोटो बिएनाले भरतं. हैदराबादमध्येही छायाचित्रांचा महोत्सव होतो.

तुम्ही काय कराल?

तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या प्राकारातला मराठी शिलालेख नक्की शोधा. सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरला गेला. तमिळ मुलखातल्या त्या भिंतीसमोर उभं राहून आपल्या भाषेतले शब्द ओळखताना काय वाटतं, ते अनुभवायलाच हवं. ट्राइपसारखे त्याचे तुकड्यातुकड्याने फोटो काढून पाहा. मुलांना हा खेळ फार आवडेल.

आणि घरी आल्यावर एक काम करा. वर्षभराच्या फोटोंतून फक्त बारा निवडा. पाच-सहा हजारांतून बारा निवडणं सोपं नाही, पण आपल्याला काय जपायचं आहे ते त्यातूनच कळतं. हे बारा फोटो छापून घ्या आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने नाव, गाव आणि तारीख लिहा.

मग आजीच्या कपाटातला जुना अल्बम काढून तिच्याजवळ बसा. लग्नाच्या फोटोत डावीकडून तिसरी उभी आहे ती कोण, हे कदाचित आता एकट्या आजीलाच ठाऊक असेल. ते नाव आजच विचारून घ्या, आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा.