जुन्या गाडीची पुढची काच

सोलापुरात मे महिन्यात पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो. अशाच एका दुपारी आम्ही एका गॅरेजमध्ये जुन्या फिआटजवळ उभे होतो. पुणे रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा तिच्या काचेवर बसला होता. खडा हरभऱ्याएवढा, पण क्षणात सगळी काच पांढरी झाली आणि चालकाला पुढचे काहीच दिसेना. अंदाजाने त्याने गाडी कडेला घेतली म्हणून निभावले. मिस्त्री आता चौकटीतून खडीसाखरेसारखे तुकडे काढत होता.

एवढ्याशा खड्याने सगळी काच का फुटली? आणि तिच्या जागी कोणती काच बसवावी?

ही काच ‘टफन्ड’ प्रकारची होती. ती तयार करताना साधी काच ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर हवेचे झोत सोडतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो. त्याला आकसायचे असते, पण बाहेरची कातडी त्याला सोडत नाही. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव निवताना आकसते आणि लाकडाला आवळून धरते, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे आवळणारा भाग आत असतो, इतकाच फरक. म्हणजे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली. भेग रुंदावायला ताण लागतो. पृष्ठभाग दाबाखाली असल्यामुळे ही काच साध्या काचेच्या कितीतरी पट मार सोसते. पण भेग एकदा ताणलेल्या गाभ्यात पोचली, की साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते आणि काचेचा चुरा होतो. तुकडे बोथट असल्याने मोठी जखम होत नाही, पण दिसणे बंद होते.

दुसरा प्रकार ‘लॅमिनेटेड’, म्हणजे थरांच्या काचेचा. १९०३ मध्ये फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने त्यांना धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. आज दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा थर असतो. क्रीमचे बिस्किट मोडून पाहा: तुकडे क्रीमला चिकटून राहतात. तसेच इथे होते. खडा बसला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक दिसते, पण बाकीच्या भागातून रस्ता दिसत राहतो. डोके आपटले तरी माणूस बाहेर फेकला जात नाही.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ मध्ये दुरुस्ती झाली आणि तीन वर्षांच्या मुदतीनंतर तयार होणाऱ्या मोटारींना पुढे लॅमिनेटेड काच सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत मात्र अजूनही टफन्ड काच आढळते. म्हणून जुनी काच बदलण्याची वेळ ही गाडी अधिक सुरक्षित करण्याची संधी समजावी.

बसवण्याची रीत पाहण्यासारखी असते. काचेभोवती रबर चढवतात. रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी गुंडाळून तिची टोके गाडीच्या आत सोडतात. साबणाचे पाणी लावून एक जण बाहेरून काच दाबतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावरून आत येते. रबर केवळ पाणी अडवत नाही. १२० सेंटिमीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर सुमारे ०.४३ मिलिमीटरने वाढते, पोलादी चौकट ०.५८ मिलिमीटरने. हा फरक रबर सामावून घेते. चौकटीवर गंजाचा उंचवटा राहिला तर मात्र काचेची कड तिथे टेकते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

एमजी टीसीसारख्या जुन्या स्पोर्ट्स कारची काच सपाट असते. तिथे कागदाचा नमुना घेऊन लॅमिनेटेड काच कापून घेता येते. टफन्ड काच मात्र कापताच फुटते; ती आधी कापून मग तापवावी लागते. सपाट आहे म्हणून खिडकीची साधी काच कापून बसवण्याचा मोह कोणी करू नये. तिचे सुऱ्यासारखे तुकडे जीव घेऊ शकतात. काचेच्या कोपऱ्यात आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक पाहूनच ती घ्यावी.

करून पाहा: स्वच्छ आकाशाच्या सकाळी ‘पोलराइज्ड’ गॉगल लावून उभ्या गाडीची मागची काच तिरकी पाहा. गॉगल थोडा फिरवा. काळसर ठिपक्यांची नक्षी दिसेल. हवेच्या झोतांनी काचेत कोंडलेल्या ताणाचा तो ठसा. मग पुढची काच पाहा. तिथे सहसा अशी नक्षी नसते. कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. सूर्याकडे मात्र कोणी पाहू नये.