जहाजाचा खिळा: जपावा कीं बदलावा?

फुटकें भांडें डाग देऊन वापरावें, विरलेलें धोतर दंड घालून नेसावें, ही काटकसर आपल्या घरांतून कुळाचारासारखी पाळली जाते. आणि आम्हांस तिचा अभिमानच आहे. परंतु भर समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या सामानास हाच नियम लावावा काय? तेथें चूक झाली असतां पैसा नव्हे, प्राण जातात.

इंग्रजांच्या आरमारांतील एक प्रकरण या बाबतींत विचार करण्याजोगें आहे. उष्ण समुद्रांतील किडे जहाजाच्या तळाचें लांकूड पोखरीत, म्हणून १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यानें मढविला. वेस्ट इंडीजकडून १७६३ सालीं तें परतल्यावर पाहतात तों लांकूड सुरक्षित, पण पत्र्यास लागून असलेले लोखंडी खिळे गंजून गेलेले! मौज अशी कीं, जेथें पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद आंत राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. दोन भिन्न धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकले म्हणजे त्यांपैकीं एक झिजतो. येथें लोखंडाचा बळी पडला. अशा ठिकाणीं गंजका खिळा काढून दुसरा लोखंडी खिळा ठोकणें म्हणजे तेंच मरण पुढें ढकलणें होय. प्रथम जाड कागदाचा थर घालून पाहिला, तो पुरेना. शेवटीं १७८० नंतर तांबेमिश्र धातूचे खिळे आले.

भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलें आहे. मात्र तेथें कारण दिलें आहे तें लोहचुंबकाच्या खडकांचें. तेव्हां पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों.

१८२४ सालीं हम्फ्री डेव्हीनें तांब्यास लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडण्याची युक्ति काढली. तांबें वांचलें, पण त्यावर शेवाळ व शिंपले माजून जहाजें मंदावलीं, म्हणून ती सोडावी लागली. आज तीच युक्ति पोलादी नौकांवर चालते. हा जस्ताचा तुकडा मुळीं झिजण्यासाठींच बसविलेला असतो. निम्मा झिजला कीं बदलावा. तो टिकावा म्हणून त्यावर रंग चढविणारे महाभाग आहेत. मग जस्त राहतें आणि पंखा झिजतो!

दोराची गोष्ट निराळी. त्याचा झिजलेला भाग डोळ्यांस दिसतो. नांगराच्या दोराची टोकें उलटीं करून त्याचें आयुष्य वाढवितां येतें. खिळा मात्र फळीच्या पोटांत असतो. वरचें डोकें चकचकीत, मध्यें कंबर सुतासारखी! अशा वस्तूची शंका आली असतां एक-दोन उपटून पाहावे. तेवढेच सडके निघाले तरी त्या ओळीच्या इतर खिळ्यांवर विसंबूं नये.

लांकडाचाही संबंध आहेच. ओकमधील आम्ल लोखंड खातें. सागांतील तेल त्यास जपतें. मुंबईस वाडियांनीं सागवानाचें बांधून १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' जहाज आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आहे. १९९० पासून २००१ पर्यंत त्याची डागडुजी चालली. तींतही मुंबईचा पुष्कळसा साग जागच्या जागींच राहिला.