अरब की सराई : मकबरा बांधणाऱ्यांची वस्ती

मुंबई, पुणे आणि गोवा या बाजूंनी दिल्लीस येणाऱ्या कित्येक आगगाड्या हजरत निजामुद्दीन या स्थानकावर येऊन थांबतात. तेथून थोड्याच अंतरावर हुमायूनचा मकबरा आहे. दिल्ली पाहावयास निघालेला मराठी प्रवासी तेथे जातोच. बू हलीमाची बाग मागे टाकून आणि उजवीकडे असलेल्या ईसाखानाच्या अष्टकोनी मकबऱ्यावर एक नजर टाकून तो लगबगीने पुढे चालू लागतो. त्याचे मन संगमरवरी घुमटाकडे धाव घेत असते. त्यामुळे वाटेत उजव्या हातास लागणाऱ्या एका उंच दरवाजाकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही.

हा दरवाजा अरब की सराई या वस्तीचा आहे. सुमारे १४ मीटर उंचीची ही वास्तू दिल्लीच्या कठीण करड्या दगडात बांधलेली असून तिच्यावर तांबड्या वालुकाश्माचे आणि संगमरवराचे काम आहे. पुढे आलेले झरोके तिला शोभा देतात. आत गेल्यावर मात्र राजवाडा नाही, बाग नाही. एका बाजूस अफसरवाला मकबरा व त्याची मशीद दिसते, आणि दुसरीकडे तटाच्या भिंतीला लागून असलेल्या कमानीदार खोल्यांचे अवशेष. या खोल्यांत कोण राहत होते, हा या जागेपुढचा खरा प्रश्न आहे.

परंपरेचे उत्तर असे की, हुमायूनची बेगम हाजी बेगम हिने मक्केच्या यात्रेहून परतताना तीनशे अरब आपल्याबरोबर आणले व त्यांच्यासाठी ही सराई बांधली. नावाचा उलगडा या कथेने सहज होतो. परंतु पुरातत्त्व खात्याच्या अभ्यासकांना हे नाव दिशाभूल करणारे वाटले. त्यांच्या मते येथे मुख्यतः मकबऱ्याच्या कामावरील इराणी कारागीर राहत असावेत. जागतिक वारशाच्या यादीत १९९३ साली या मकबऱ्याचा समावेश झाला. त्या यादीतील वर्णनातही अरब सराईचा उल्लेख मकबऱ्याच्या कारागिरांची राहण्याची जागा असाच केलेला आहे.

हे मत मान्य केले, तर एका मोठ्या वास्तूचे कोडे थोडे उकलते. हुमायून १५५६ च्या जानेवारीत पुराण्या किल्ल्यातील शेर मंडलाच्या जिन्यावरून पडून मृत्यू पावला. त्याचा मकबरा त्यानंतर काही वर्षांनी, अकबराच्या अमदानीत बांधावयास घेतला गेला व १५७१ च्या सुमारास पुरा झाला. बदायूनी या इतिहासकाराने त्याच्या स्थपतीचे नाव मीराक मिर्झा गियास असे नोंदविले आहे. हा हेरातकडचा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा सय्यद मुहम्मद याने काम तडीस नेले. चार भागांत विभागलेली बाग, मधोमध उंच जोते, आणि एकात एक असे दोन घुमट, आतला खोलीच्या मापाचा व बाहेरचा आकाशाच्या मापाचा, ही सारी कल्पना इराण आणि मध्य आशियाची. पण त्या देशांत इमारत विटांची बांधीत आणि रंगीत काचलेपाच्या फरशांनी मढवीत. येथे भिंती नटल्या त्या तांबड्या वालुकाश्माने व पांढऱ्या संगमरवराने. दगडाची ही भाषा हिंदुस्थानातील पाथरवटांची होती. परदेशी आराखडा आणि देशी छिन्नी यांची गाठ कोठे तरी, कोणाच्या तरी अंगणात पडली असली पाहिजे. दिवसाचे काम संपल्यावर फारसी बोलणारा फरशीकार आणि हिंदवी बोलणारा पाथरवट ज्या आवारात एकमेकांशेजारी बसत असतील, ते आवार हेच असण्याचा संभव आहे.

त्या माणसांची नावे काय होती? येथे इतिहास मुका होतो. त्यांच्या मजुरीचे दर मात्र सापडतात. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत इमारतीच्या कामावरील माणसांचे रोज दिलेले आहेत. चुन्याचे काम करणाऱ्या पहिल्या प्रतीच्या गवंड्यास दिवसाला ७ दाम, दुसऱ्या प्रतीच्या गवंड्यास ६ आणि तिसऱ्यास ५. सुतारांच्या पाच प्रती असून त्यांचे रोज ७ दामांपासून २ दामांपर्यंत उतरत जातात. दगडावर नक्षी आखणारास गजामागे ६ दाम, साधे काम करणारास ५. त्या वेळी रुपयाचे ४० दाम होत. सरकारच्या हिशेबात कारागिराची प्रत होती, माप होते, मोल होते. फक्त नाव नव्हते.

ही उणीव दिल्लीपुरतीच आहे असे नाही. मोठ्या वास्तू बांधणाऱ्यांची नावे जगात बहुतेक ठिकाणी अशीच पुसली गेली आहेत. परंतु एक ठळक अपवाद आहे, आणि तो दिल्लीहून फार दूर, इजिप्त देशात आहे. अरब सराईत काय हरवले आहे हे समजून घ्यावयाचे, तर त्या गावी क्षणभर जाऊन आले पाहिजे.

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, लक्सॉर शहराच्या समोर, उघड्या डोंगरांच्या खळग्यात देर अल् मदीना नावाचे एक उजाड गाव आहे. इ. स. पूर्व सुमारे १५०० पासून चारशेहून अधिक वर्षे तेथे राजांच्या खोऱ्यातील थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची कुटुंबे राहत होती. तटाच्या आत एकमेकांना चिकटलेली सुमारे ६८ घरे, मध्ये अरुंद गल्ली. गावात विहीर नव्हती. पाणी गाढवांच्या पाठीवरून येई. कामकऱ्यांच्या डाव्या व उजव्या अशा दोन तुकड्या असत. दहा दिवसांचा आठवडा असे, आणि कामाच्या दिवसांत ते डोंगरमाथ्यावरच्या झोपड्यांत मुक्काम करीत. फ्रेंच संशोधक बर्नार ब्रुयेर याने १९२२ पासून १९५१ पर्यंत या गावाचे उत्खनन केले.

तेथे सोने सापडले म्हणून हे गाव मोठे नव्हे. ते मोठे ठरले चुनखडीच्या कपच्यांमुळे. खोदकामातून निघालेल्या या फुकटच्या कपच्यांवर गावकरी शाईने लिहीत: उसनवारी, भांडणे, पत्रे, धोब्याचे हिशेब. ब्रिटिश म्युझियममध्ये अशीच एक मोठी कपची आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकीर्दीच्या ४० व्या वर्षाचा हजेरीपट तिच्यावर लिहिलेला असून कोण कोणत्या दिवशी गैरहजर होता आणि का, हे तीत नोंदलेले आहे. एकाला विंचू चावला, एक जण आजारी होता, एक घरी मद्य गाळीत होता, एकाला मृत आप्ताच्या अंत्यविधीस जावयाचे होते. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा हजेरीपट आजच्या कोणत्याही कचेरीतील कारकुनाला ओळखीचा वाटेल.

त्या कारागिरांना मजुरी धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व बाराव्या शतकात, ते धान्य वेळेवर आले नाही. तेव्हा कारागिरांनी हत्यारे ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि एका देवळाच्या मागे ते ठाण मांडून बसले. महिन्याचे १८ दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. ही हकीकत पपायरसावर लिहून ठेवलेली असून तो पपायरस आज इटलीतील तुरीन येथे आहे. लेखी पुरावा असलेला हा जगातील सर्वांत जुना संप मानला जातो. राजाच्या थडग्याला त्या माणसांची किती गरज होती, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच ते बसू शकले. आणि त्यांना, निदान त्यांच्यातील काहींना, लिहिता येत होते. म्हणूनच ते आज आठवले जातात.

या दोन वस्त्यांतील फरक इथेच आहे. एकीला कपच्या लाभल्या, दुसरीला लाभल्या नाहीत. अरब सराईतील माणसेही आजारी पडली असतील, त्यांचेही रोज कधी तुंबले असतील, त्यांच्याही घरी बारसे आणि मयत झाली असेल. परंतु त्यांतील एक ओळही दिल्लीच्या मातीने राखली नाही. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव कोरलेले आहे, आणि गडावर जाणारा मराठी माणूस ते भक्तीने वाचतो. पण हिरोजीच्या हाताखाली चुन्याचा घाणा फिरविणारे, दगड वर चढविणारे, पायऱ्या घडविणारे कोण होते, हे ती पायरीही सांगत नाही.

वस्ती मात्र नाव मागे न ठेवताही जगत राहिली. मकबरा पुरा झाल्यावर सराईत व्यापारी व वाटसरू आले. जहांगीराच्या काळात मिहरबानू आगा या दरबारी खोजाने पूर्वेकडे दरवाजा बांधला व त्या बाजूस मंडई भरू लागली. शेजारच्या ईसाखानाच्या आवारात तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एक गावच नांदत होते. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा हुमायूनच्या मकबऱ्याच्या परिसरात हजारो निर्वासितांनी छावणीत दिवस काढले. पुढे याच भागात औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि तिच्या नावात अरब की सराई हे शब्द आले. जेथे एके काळी पाथरवटाच्या मुलाने बापाच्या शेजारी बसून छिन्नी धरली असेल, त्या जागेचे नाव लेथ आणि वेल्डिंग शिकविणाऱ्या शाळेला मिळावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

कारागिराचे नाव गेले तरी एक गोष्ट उरू शकते, ती म्हणजे त्याचे ज्ञान. पण तेही हातातून हातात गेले तरच. हुमायूनच्या मकबऱ्याच्या बाबतीत ती साखळी तुटत आली होती. विसाव्या शतकात डागडुजी झाली ती सिमेंटने. चुन्याची भिंत श्वास घेते. ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंट ओल आत कोंडते, आणि कोंडलेली ओल दगडाला फोडते. २००७ पासून २०१३ पर्यंत पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी मिळून या मकबऱ्याचा जीर्णोद्धार केला. तेव्हा नुसत्या छतावरून सुमारे १० लाख किलो काँक्रीट उतरवावे लागले. भिंतींवरील सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना लावण्यात आला. जोत्याच्या फरसबंदीतील मोठमोठे दगड, काही तर हजार किलो वजनाचे, कारागिरांनी हातांनी पुन्हा बसविले. या कामास कारागिरांचे सुमारे २ लाख मनुष्यदिवस लागले.

सर्वांत अवघड काम ठरले ते छत्र्यांवरील रंगीत फरशांचे. निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचलेपाची ती विद्या दिल्लीत कोणालाच येत नव्हती. म्हणून उझबेकिस्तानातून फरशीकार बोलावण्यात आले, आणि त्यांच्या हाताखाली निजामुद्दीन वस्तीतील तरुण शिकू लागले. भट्टीचा ताव आणि लेपाचे मिश्रण यांचे प्रयोग काही वर्षे चालले, तेव्हा कोठे जुन्याशी जुळणारी फरशी हाती आली. सोळाव्या शतकात मध्य आशियातून कलावंत आला व यमुनेकाठच्या हातांशी त्याची गाठ पडली, तीच घटना साडेचारशे वर्षांनी त्याच परिसरात पुन्हा घडली.

यावर वाद झाला नाही असे नाही. प्राचीन वास्तूचे जे उरले तेवढेच जपावे, नव्या फरशा बसवून गतकाळाचा आभास उत्पन्न करू नये, असे मानणारे अनेक जाणकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुने कोणते आणि नवे कोणते हे पुढच्या पिढीला ओळखता आले पाहिजे. दुसरी बाजू अशी की, वास्तू म्हणजे केवळ दगड नव्हेत. ती घडविण्याची विद्याही तिचाच भाग आहे, आणि विद्या संग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवून टिकत नाही. ती राबविली तरच टिकते. जुनी फरशी जपणे आणि फरशी घडविणारा हात जपणे, या दोन कर्तव्यांचा मेळ कसा घालावा, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र पहिल्याच्या भरात दुसऱ्याचा विसर पडला, तर पुढच्या वेळी चूक दुरुस्त करावयास कोणी उरणार नाही, एवढे निश्चित.

मकबरा पाहून परतणारा प्रवासी त्याच वाटेने येतो. आता तो उंच दरवाजा त्याच्या डाव्या हातास असतो. त्याने दहा मिनिटे काढून आत जावे. तेथे हुमायूनच्या मकबऱ्यासारखा भव्य घुमट नाही. पडक्या खोल्यांची एक ओळ आहे. मागच्या घुमटाखाली ज्याला पुरले त्याचे नाव जगास माहीत आहे. तो घुमट ज्यांनी उभा केला ते, अभ्यासकांचा तर्क खरा असेल तर, रात्री या खोल्यांत निजत होते.