विश्लेषण : ‘मला काही झालेलं नाही!’ स्मृतिभ्रंशाचा रुग्ण डॉक्टरकडे जायलाच नकार देत असेल तर काय करावे?

एकच प्रश्न दहा वेळा विचारणे, कांदा विकून आलेले पैसे स्वतःच कुठे तरी ठेवणे आणि ‘सुनेने चोरले’ म्हणणे, डॉक्टरचे नाव काढताच भडकणे. वृद्ध माणसांच्या अशा वागण्याला आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ही स्मृतिभ्रंशाची, म्हणजे डिमेन्शियाची लक्षणे असू शकतात. नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे तर मालेगाव किंवा शंभरेक किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते. रुग्ण घराचा उंबरठाच ओलांडायला तयार नसेल, तर कुटुंबाने काय करावे?

हा आजार किती जणांना?

‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे.

रुग्ण नकार का देतो?

अनेकदा तो हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो. स्वतःत झालेला बदल ओळखण्याची मेंदूची क्षमताच कमी होते. वैद्यकीय भाषेत याला ‘अॅनोसोग्नोसिया’ म्हणतात. रुग्णाच्या दृष्टीने तो ठणठणीत असतो आणि घरचे विनाकारण मागे लागलेले असतात. त्यामुळे ‘तुम्ही विसरता’ हे पुराव्यानिशी पटवून देण्याचा प्रयत्न बहुधा वादातच संपतो. खर्चाची काळजी, लोक वेडा म्हणतील ही भीती, कमी ऐकू येणे, सांगता न येणारे दुखणे ही कारणेही नकारामागे असतात.

तरीही तपासणी कशासाठी?

प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ‘बी-१२’ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य किंवा चालू औषधांचा दुष्परिणाम यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपचार आहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. म्हणजे पहिले पाऊल थेट नाशिकलाच टाकायला हवे असे नाही.

राजी कसे करावे?

– आधी घरातल्या एकाने एकट्याने डॉक्टरांना भेटावे. त्रास कधी सुरू झाला, काय बदलले, रुग्ण कधी पडला का, कोणती औषधे सुरू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे.

– रुग्णाची स्वतःची तक्रार धरून बोलावे. ‘अण्णा, गुडघा दुखतोय ना? दाखवून येऊ, बीपीही बघून घेऊ,’ हे वाक्य ‘तुमच्या डोक्याची तपासणी करायची आहे’ यापेक्षा सहज पचते.

– वर्षानुवर्षे ओळखीच्या फॅमिली डॉक्टरचा शब्द मुलांच्या शब्दापेक्षा जड ठरतो. ते घरी येऊ शकतील का, हे विचारावे.

– अनेक रुग्णांची चिडचिड संध्याकाळी वाढते, म्हणून सकाळची वेळ निवडावी. एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे. नकार आला तर विषय तिथेच सोडून दोन दिवसांनी पुन्हा काढावा.

– ‘लग्नाला जायचंय’ सांगून दवाखान्यात नेऊ नये. प्रसंग विसरला जातो, पण फसवले गेल्याची भीती मनात उरते आणि पुढची भेट आणखी अवघड होते. डॉक्टरांना न विचारता गोळ्या कुटून जेवणात मिसळू नयेत. काही गोळ्या कुटल्याने अपाय होतो.

जबरदस्ती करता येते का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या त्यातील व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. कायद्यानुसार, एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता संपली असे मानता येत नाही. माहिती समजणे, परिणामांची जाण असणे आणि निर्णय सांगता येणे, हे निकष आहेत. आज साडी निवडणाऱ्या आजींना शस्त्रक्रियेचे परिणाम समजतीलच असे नाही. आणि शस्त्रक्रिया समजत नाही म्हणून साडीही इतरांनी निवडावी असेही नाही.

रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर कलम ८९ नुसार त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर मानसिक आरोग्य संस्थेत ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. जिवाला धोका असल्यास कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो.

आधीच काय करून ठेवावे?

समज शाबूत असतानाच रुग्णाने आपला प्रतिनिधी नेमावा. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरेसा असतो. मात्र तो प्रतिनिधी मानसिक आरोग्याच्या उपचारांपुरताच. जमीन आणि बँकेचे व्यवहार त्यात येत नाहीत. १९८७ च्या जुन्या कायद्यात पालक नेमण्याची तरतूद होती, नव्या कायद्यात ती नाही. म्हणून वारस नोंद, संयुक्त खाते, इच्छापत्र ही कामे लवकर उरकावीत.

थांबू नये अशी वेळ कोणती?

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ, ताप, डोक्याला मार, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, पाणी पिणे किंवा लघवी बंद होणे. अशा वेळी मनधरणीत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्यांना मदत कुठे?

‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रुग्ण सोबत नसतानाही, २४ तास, मराठीतून सल्ला मिळतो. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर आहे. रात्र रात्र जागणारी बहुतेकदा घरातली एकच बाई असते. पुण्या-मुंबईतल्या भावंडांनी फोनवर सूचना देण्याऐवजी वर्षातले काही आठवडे पाळीने गावी येऊन राहिले, तर रुग्णाइतकाच तिलाही आधार मिळेल.