लोकप्रतिनिधी आणि लोकमत : मार्गदर्शन की अनुसरण?

मागील घटकात आपण प्रातिनिधिक लोकशाहीची रचना पाहिली. मतदार प्रतिनिधी निवडतो आणि प्रतिनिधी त्याच्या वतीने निर्णय घेतो, हे सूत्र वाचताना सोपे वाटते. ‘त्याच्या वतीने’ या दोन शब्दांत मात्र एक जुना वाद दडलेला आहे. मतदाराला जे हवे ते करणे म्हणजे त्याच्या वतीने वागणे, की मतदाराच्या हिताचे जे वाटते ते करणे? या दोन गोष्टी नेहमीच जुळतात असे नाही. तुमच्यापैकी काही जण ग्रामपंचायतीत, सहकारी संस्थेत किंवा कामगार संघटनेत निवडून आलेले असतील. हा पेच त्यांना पुस्तकात वाचण्यापूर्वीच अनुभवातून ठाऊक असेल.

राज्यशास्त्रात या वादाचा आरंभ सहसा एडमंड बर्क या ब्रिटिश संसदपटूपासून सांगितला जातो. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांसमोर बोलताना त्याने आपली भूमिका मांडली. प्रतिनिधी मतदारांना आपले श्रम देतो तसा आपला विवेकही देतो. त्यांच्या मतापुढे तो विवेक गहाण टाकणे म्हणजे सेवा नव्हे, विश्वासघात होय, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. या भूमिकेतील प्रतिनिधीला ‘विश्वस्त’ म्हणतात. मतदारांनी सांगितले तेवढेच सभागृहात पोहोचविणारा प्रतिनिधी हा दुसरा प्रकार. त्याला आपण ‘निरोप्या’ म्हणू. बर्कची पुढील कथा पाठ्यपुस्तके अनेकदा सांगत नाहीत. आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांचे हक्क या प्रश्नांवर त्याने ब्रिस्टलकरांना न रुचणारी भूमिका घेतली आणि १७८० मध्ये त्याला ती जागा सोडावी लागली. त्यानंतर तो संसदेत आला तो मॉल्टन नावाच्या, एका उमरावाच्या मुठीतील मतदारसंघातून. मतदारांपासून स्वतंत्र राहण्याची मुभा त्याला अखेर मतदारांनी नव्हे, आश्रयदात्याने दिली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईचा प्रश्न, १९५५ ते १९६०

हा वाद तत्त्वज्ञानाच्या पातळीवर कितीही चर्चिला गेला, तरी त्याची खरी कसोटी पाहावयाची असेल तर आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये मराठी व गुजराती भाषकांचे एक द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले आणि विदर्भ वेगळा ठेवला. त्यावर असंतोष उसळल्यानंतर काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर असा त्रिराज्य तोडगा पुढे आणला. मराठी लोकमताला दोन्ही पर्याय अमान्य होते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून रीतसर मांडली जात होती. ती एका रात्रीत उठलेली लाट नव्हती.

२० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे त्यांनी श्रोत्यांना ज्या शब्दांत सांगितले त्यांत समजावणीपेक्षा आव्हान अधिक होते. संतप्त श्रोत्यांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गिरण्यांतील व इतर कामगारांनी संप पुकारला, फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी जाहीर केला, तेव्हा शहर पुन्हा पेटले आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या सामान्यतः १०६ सांगितली जाते. फ्लोरा फाउंटनच्या परिसराला आज हुतात्मा चौक म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच.

आता या घटनांकडे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहा. नेहरू येथे विश्वस्ताच्या भूमिकेत होते. मुंबई बहुभाषिक शहर आहे, तेथील मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे आणि भाषेच्या आवेशात देशाचे ऐक्य ढिले पडू नये, हे त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. मुंबईतील गुजराती, पारशी आणि अन्य समाजांना वाटणारी धास्तीही खरी होती. बहुसंख्येच्या मागणीसमोर अल्पसंख्याकांची बाजू धरून ठेवणे हे नेत्याचे कर्तव्यच असते. दोष होता तो पद्धतीत. ज्यांच्या आयुष्यावर निर्णयाचा परिणाम होणार होता त्यांना निर्णय सांगण्यात आला, पटवून देण्यात आला नाही.

हीच तक्रार खुद्द केंद्रीय मंत्रिमंडळातून उमटली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे रस्त्यावरच्या चळवळीचे नेते मुळीच नव्हते. ते सनदी सेवेत वाढलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. लोकसभेत ते कुलाबा मतदारसंघातून आले होते. मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात पुरेशी चर्चा न होता घेतला गेला आणि गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी मानली गेली नाही, असे सांगून त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. देशमुखांनी लोकमताचे अनुसरण केले, असे म्हणणे मला अपुरे वाटते. त्यांचा विवेक आणि मतदारांची भावना येथे एकत्र आली, आणि आड आली ती तिसरीच गोष्ट : पक्षाची व मंत्रिमंडळाची शिस्त.

यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करावयाची झाली तर आपल्याला नेहरू मोठे वाटतात, अशी भूमिका त्यांनी १९५५ च्या अखेरीस फलटण येथे घेतली आणि मराठी जनतेचा रोष ओढवून घेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक राज्य झाले आणि त्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईसह पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत गेले, मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत गेले, आणि खुद्द चव्हाण कराडमधून थोडक्यात बचावले. गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर सरकार तरले. त्यानंतर चव्हाणांनी जे केले ते सभांतून गाजण्यासारखे नव्हते. द्विभाषिक राज्य मनापासून कोणालाच नको आहे, हे त्यांनी श्रेष्ठींच्या गळी उतरविले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. चव्हाणांनी लोकमत डावलले की दिल्लीपर्यंत पोहोचविले, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते त्यांनी दोन्ही केले, आणि हाच क्रम असल्यामुळे दिल्लीचा त्यांच्यावरील विश्वास टिकून राहिला.

आणखी एक तपशील दुर्लक्षिला जातो. १९५७ च्या त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून आले ते स. का. पाटील. मध्य मुंबई डांगे यांच्या मागे उभी असताना काही मैलांवरील मतदारसंघाने त्यांच्या कट्टर विरोधकाला कौल दिला. ‘लोकमत’ हा एकवचनी शब्द आपली फसवणूक करतो, तो असा. पाटील महाराष्ट्राच्या लोकमताच्या विरुद्ध होते. आपल्या मतदारसंघाच्या विरुद्ध होते असे निकाल तरी सांगत नाही.

त्याच काळातील दुसरा निर्णय

मुंबईच्या प्रश्नात लोकमतापुढे अखेर नमलेले नेहरू त्याच वर्षांत दुसऱ्या एका विषयात लोकमताच्या पुढे चालत होते. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. निवडणूक तोंडावर असताना सनातनी मत दुखवू नये, अशी काँग्रेसमधील अनेकांची इच्छा होती. पुढे आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या पराभवाला अनेक कारणे होती, तो संहितेवरील कौल मानणे चुकीचे ठरेल. नेहरूंनी मात्र १९५१-५२ च्या प्रचारात संहितेचे समर्थन केले. फुलपूरमध्ये त्यांच्याविरुद्ध त्याच मुद्द्यावर एक साधू उभा होता. निवडून आल्यावर १९५५ व १९५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व आणि दत्तक यांविषयीचे चार कायदे संमत झाले.

दोन्ही निर्णयांत नेता एकच होता. संहितेच्या बाबतीत त्याने आधी मतदारांसमोर जाऊन बोलण्याचा धोका पत्करला, आणि ज्यांना कायद्याने हक्क मिळणार होते त्या स्त्रियांचा आवाज तत्कालीन लोकमतात फारसा उमटतच नव्हता. मुंबईच्या बाबतीत बोलणे निर्णयानंतर आले, आणि पोलीस त्याच्याही आधी.

अनुसरणाची किंमत

अनुसरण नेहमीच निर्धोक असते, असा समज होऊ नये म्हणून परळ-लालबागकडे पुन्हा वळू. मान्यताप्राप्त संघटनेवर विश्वास न उरलेले गिरणी कामगार १९८१ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. गिरण्यांचा लढा हाती घेण्यास सामंत प्रारंभी फारसे उत्सुक नव्हते, असे त्या संपाचे अभ्यासक नोंदवतात. कामगारांचा रेटा मोठा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटली नाहीत, हजारो कुटुंबे गावी परतली. मालकांची आडमुठी भूमिका आणि सरकारची उदासीनता यांचा वाटा यात मोठा आहे, हे खरेच. तरीही एक प्रश्न उरतो : माघारीचा सल्ला देण्याची वेळ आली तेव्हा तो देऊ शकेल असा दुसरा कोण होता? ज्याच्या शब्दावर लाखो माणसे घरी बसली, त्याचाच शब्द त्यांना परत कामावर नेऊ शकला असता.

कामगारांनी सामंतांना दोष दिला नाही. डिसेंबर १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले. त्याच लोकसभेने काही आठवड्यांतच, १९८५ च्या आरंभी, पक्षांतरबंदीची ५२ वी घटनादुरुस्ती संमत केली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. बर्कचा विश्वस्त आणि त्याच्या विरोधकांचा निरोप्या या दोघांच्याही हातावर आता पक्षाचा हात आहे. चिंतामणरावांना मंत्रिपद सोडण्याची मुभा होती, तशी ती आजच्या मंत्र्यालाही आहे. परंतु पक्षादेशाविरुद्ध सभागृहात मत नोंदवून आमदार किंवा खासदार राहण्याची मुभा आज जवळजवळ उरलेली नाही.

१९६२ मध्ये मुंबईसह महाराष्ट्र मिळालेल्या मतदारांनी विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. मध्य मुंबईत डांगे पराभूत झाले.