विजेचा निरोप

मध्यम लहरींवरचा रेडिओ चालू असताना दूर कोठे वीज चमकली, की गाण्यामध्येच 'खर्रर्र' असा आवाज उठतो. आपण त्या खरखरीला कंटाळतो. परंतु ती खरखर म्हणजे विजेने स्वतः धाडलेला निरोपच होय. तो निरोप कसा येतो आणि कोणाच्या उपयोगी पडतो, एवढेच आज पाहू.

विहिरीत खडा टाकला म्हणजे पाण्यावर लहरी उठतात. तारेतील विजेचा प्रवाह वेगाने मागेपुढे हेलकावू लागला, म्हणजे त्याच्याही लहरी चहूकडे पसरतात. पाण्याच्या लहरींना पाणी लागते, ध्वनीला हवा लागते. रेडिओच्या लहरींना असा कोणताच आधार लागत नाही. त्या प्रकाशाच्याच कुळातल्या आहेत. दोघांचाही वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर! सेकंदातील हेलकाव्यांची संख्या 'हर्ट्झ'मध्ये मोजतात. १८८७-८८ च्या सुमारास या लहरी प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव.

वेगाला या संख्येने भागले की लहरीची लांबी निघते. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीचा मध्यम लहरींवरील आकडा ५८५ किलोहर्ट्झ. म्हणजे एकेक लहर ५०० मीटरांहून लांब. यवतमाळच्या एफ. एम. केंद्राचा आकडा १०२.७ मेगाहर्ट्झ, ती लहर जेमतेम ३ मीटरांची. मध्यम लहरींवर बोलणे पाठविताना लहरींची उंची कमीजास्त करतात, एफ. एम.वर उंची तीच ठेवून लहरींची दाटी बदलतात. वीज मुख्यतः उंचीत ढवळाढवळ करते, म्हणून एफ. एम.वर खरखर फारशी येत नाही.

आकाशातील वीज म्हणजे क्षणभर पेटलेले एक प्रचंड प्रक्षेपण केंद्रच. रशियातील पोपोव्ह यांनी १८९५ सालीच विजेच्या लहरी टिपणारे यंत्र दाखविले होते. आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ठिकठिकाणी अशी संवेदक यंत्रे बसविली आहेत. एकच लहर निरनिराळ्या यंत्रांवर किंचित मागेपुढे पोहोचते. त्या अतिसूक्ष्म फरकावरून वीज कोठे पडली याचा हिशेब लागतो. दहा किलोमीटरांवरचा गडगडाट कानी यायला अर्धा मिनिट लागतो. रेडिओची लहर सेकंदाच्या तीस हजाराव्या भागात येते. याच संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अॅप २० व ४० किलोमीटरांच्या परिघातील विजांची सूचना देते.

इथवर विज्ञानाने आपले काम चोख केले. पुढचे काम आपले आहे. यवतमाळ जिल्ह्यात पावसाळ्यात पऱ्हाटीचे निंदण करणाऱ्या बाया उघड्या वावरात वाकलेल्या असतात. फोन असलाच, तर तो धुऱ्यावर शिदोरीच्या फडक्यात. सूचना पुण्याहून निमिषात येते आणि शेवटच्या शंभर पावलांत अडते! आणि कळली तरी काम सोडले तर रोजी जाईल, ही धास्ती आहेच. मग झाडाखाली उभे राहायचे; विजेच्या वेळी तोच सर्वांत वाईट आसरा.

म्हणून आम्ही मजुरांच्या संघटनेतली माणसे तीन गोष्टी सांगतो. प्रत्येक टोळीत एक फोन सूचनेसाठी हाताशी असावा. सूचना येताच काम थांबवून सर्वांनी पक्क्या घरात जावे. आणि तेवढ्या वेळेची रोजी कापली जाऊ नये. लहर फुकट येते. तिचे ऐकण्याची किंमत एकट्या मजुराने का मोजावी?